नाना, नातू आणि पहिलं कारण

पत्र:

ताई, नमस्कार. आमचं गाव चोपडा तालुक्यात, घरी केळी आणि कापूस. सासरे माळकरी. सगळे त्यांना नाना म्हणतात. मुक्ताईची यात्रा आणि आषाढी त्यांनी कधी चुकवली नाही. मुलगा जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, फिजिक्स घेतलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत जेवताना नाना त्याला म्हणाले, “दुनिया कोनी बनाडी? कोणीतरी पहिला असेल ना? तोच देव.” मुलगा म्हणाला, “मंग देवले कोनी बनाडं?” नानांनी ताट सरकवलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. नाना म्हणतात, पोरगं शिकून वाया गेलं. मुलगा म्हणतो, सगळं शून्यातून आपोआप झालं, हे विज्ञानाने सिद्ध केलंय. मिस्टर म्हणतात, तू मध्ये पडू नको. पण ताई, तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मला दोघांचंही पटतं. खरं कोणाचं? मी दहावी शिकलेली, आमच्यासारख्यांनी असलं विचारावं का? आणि श्रावणात कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातला देवीचा सण, आहे. मुलगा रोटाला, म्हणजे भाऊबंदांच्या प्रसादाच्या जेवणाला, बसणार नाही म्हणतो. त्याला जबरदस्ती करू का?
— एक आई

उत्तर:

ताई, नमस्कार.

नानांनी ताट सरकवलं हे वाचून वाईट वाटलं. राग मात्र दोघांपैकी कोणाचाच आला नाही. नानांनी विचारलं ते खरंच विचारण्यासारखं आहे आणि मुलाने जे उलट विचारलं तेही. दोघांना उत्तराची घाई झाली, एवढंच. तुम्ही तो प्रश्न उन्हाळ्यापासून डोक्यात बाळगून आहात, म्हणून आधी तुमच्याशीच बोलते. त्या दोघांचं काय करायचं ते नंतर बघू.

नानांचं म्हणणं सरळ मांडलं तर असं आहे. जे काही होतं ते कशामुळे तरी होतं. त्या कारणालाही कारण असतं. असं मागे मागे जात राहिलो तर कुठेतरी थांबावं लागतं, आणि जिथे थांबतो तो देव. हे नानांनी पुस्तकात वाचलेलं नसेल, पण जगभरच्या माणसांनी हेच म्हटलं आहे. आपल्याकडे न्याय या तर्कावर भर देणाऱ्या दर्शनाने हा मुद्दा सर्वांत कसोशीने लढवला. उदयनाचार्यांनी साधारण हजार वर्षांपूर्वी ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली ती ईश्वर सिद्ध करण्यासाठीच. मडकं दिसलं म्हणजे कुंभार असणार. पृथ्वी, डोंगर, झाडंझुडपं हीही घडलेलीच आहेत, तेव्हा त्यांनाही कोणी घडवणारा असणार. तिकडे इराणात जन्मलेल्या आणि बगदादला शिकवणाऱ्या अल-गझाली या मुस्लिम विद्वानाने (१०५८ ते ११११) हाच विचार अगदी घट्ट बसवला. ज्याला सुरुवात आहे त्याला कारण असतं. जगाला सुरुवात आहे. म्हणून जगाला कारण आहे.

नानांच्या आणि गझालींच्या बोलण्यात एक फरक आहे, तो मुलाला दाखवायला हवा. ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ असं गझाली म्हणत नाहीत. ‘ज्याला सुरुवात आहे त्याला कारण असतं’ असं म्हणतात. देवाला सुरुवातच नाही असं मानणाऱ्याला देवाचा बनवणारा विचारून काही मिळत नाही, कारण तो प्रश्न त्याने आधीच बाजूला ठेवलेला असतो. ‘मंग देवले कोनी बनाडं’ म्हटलं की विषय मिटला असं मुलाला वाटतं, पण तसा तो मिटत नाही.

तरीही मुलाचा प्रश्न दुसऱ्या रूपाने परत येतो आणि या रूपात तो भारी पडतो. सुरुवात नसलेलं काहीतरी मानायचंच आहे, तर ते जगच का मानू नये? त्याच्या मागे आणखी एक पायरी कशाला?

हे ज्याने सर्वांत नेमकं विचारलं त्याचं नाव आपल्या खानदेशाशी जोडलेलं आहे. चाळीसगावजवळ डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे. तिथल्या शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची हकीकत कोरलेली आहे. यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी असलेला त्यांचा नातू चांगदेव (योगी चांगदेव वेगळे) याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला, असं त्यात लिहिलं आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला. त्यातल्या गोलाध्यायात पृथ्वी कशावर टेकली आहे हा प्रश्न येतो. पुराणांत शेष आहे, कूर्म आहे. भास्कराचार्य विचारतात: पृथ्वीला आधार द्यायला दुसरी एखादी वस्तू लागत असेल, तर त्या वस्तूला तिसरी लागेल, तिसरीला चौथी, आणि याला अंतच राहणार नाही. शेवटी कुठेतरी ‘ही स्वतःच्या शक्तीने उभी आहे’ असं म्हणावंच लागणार. मग ‘अन्त्ये कल्प्या चेत् स्वशक्तिः किमाद्ये’, शेवटच्या वस्तूला स्वतःची शक्ती आहे असं मानणारच असाल तर ती पहिल्याच वस्तूला, पृथ्वीलाच, का मानत नाही?

साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वीचा हा तुमच्या मुलाचा प्रश्न आहे, ताई. त्याला जरूर सांगा. पण श्लोक अर्ध्यावर सोडू नका. त्याच श्लोकाच्या शेवटी भास्कराचार्य म्हणतात की पृथ्वी ही तर शंकराच्या आठ मूर्तींपैकी एक मूर्ती. आधारांची साखळी तोडणारा आणि पृथ्वीत शंकर पाहणारा माणूस एकच आहे, आणि दोन्ही गोष्टी तो एका दमात बोलतो.

मला या श्लोकात आणखी एक गोष्ट दिसते. कशाच्याही आधाराशिवाय उभं असलेलं काहीतरी आहे, हे नानांनाही मान्य आहे आणि मुलालाही. नाना त्याला देव म्हणतात, मुलगा जग म्हणतो. म्हणजे भांडण ‘पहिलं काही आहे की नाही’ याचं नाहीच. हे जग स्वतःच्या पायावर उभं राहण्यासारखं आहे का, याचं ते भांडण आहे. हे एकदा ध्यानात आलं की अर्धा गुंता सुटतो.

उरलेला अर्धा सोडवायला तुमच्या केळीच्या बागेत जाऊ. तिथलं प्रत्येक झाड कुठल्या तरी आधीच्या झाडापासून आलेलं आहे. मुनवा (बुडाशी फुटणारं पिल्लू) लावा, कंद लावा किंवा टिश्यूचं रोप आणा; तेही एखाद्या जुन्या झाडाच्या तुकड्यावरूनच केलेलं असतं. घड कापला, खोड तोडलं, बुडाशी पीलबाग वाढू लागली. तिच्या आईचं खोड कुजून मातीत गेलं तरी तिचं काही अडत नाही. आपल्या खायच्या केळीला बी नसतं, त्यामुळे ही आई-लेकीची साखळी कंदावरून कंदावर अशी मागे जाते, पार रानातल्या बिया असलेल्या केळीपर्यंत, आणि तिथून पुढे ती वेगळ्या रूपात मागे जातच राहते. या साखळीला पहिलं टोक असलंच पाहिजे का? नुसत्या तर्काने तसं सिद्ध होत नाही. हे कोणा नास्तिकाचं मत आहे असं समजू नका. ख्रिस्ती धर्मशास्त्रातले सर्वांत मोठे आचार्य थॉमस अक्वायनस (१२२५ ते १२७४) यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय की बाप, त्याचा बाप, त्याचा बाप अशी रांग अनंत असू शकते. जगाला सुरुवात होती हे त्यांच्या मते श्रद्धेने मानायचं, बुद्धीने ते सिद्ध करता येत नाही. त्यांच्या कितीतरी आधी ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४ ते ३२२) म्हणत होता की जग कायमचंच आहे, त्याला आरंभ नाही. आणि तरीही तो सगळ्याला गती देणारं, स्वतः न हलणारं एक पहिलं तत्त्व मानत होता.

मग ‘पहिलं’ म्हणजे काय? आता त्याच झाडाच्या बुडाशी ठिबकची नळी बघा. ड्रिपरमधून थेंब पडतो, कारण नळीत पाणी आहे. नळीत आहे कारण सबमेनमध्ये आहे, सबमेनमध्ये आहे कारण मेनलाईनमध्ये आहे. केळीच्या आईसारखी ही मागच्या सालची गोष्ट नाही, हे सगळं आत्ता एकाच वेळी चालू आहे. मागचा व्हॉल्व्ह बंद केला की पुढचा थेंब थांबला. इथे कोणी म्हणालं की आमची पाइपलाइन एवढी लांब आहे की तिला टोकच नाही, तेव्हा आम्हाला विहिरीची गरज नाही, तर नाना त्याचं काय करतील ते तुम्हीच सांगा. पाइप कितीही लांबवला तरी त्याचं स्वतःचं पाणी नसतं. पाणी तो मागून घेतो आणि पुढे देतो.

इब्न सीना (९८० ते १०३७) या वैद्याने आणि तत्त्वज्ञाने हेच ‘असणं’ या गोष्टीबद्दल म्हटलं. केळीचं झाड असू शकतं, नसूही शकतं. मी असू शकते, नसूही शकते. सूर्याचंही तसंच. अशा वस्तूंचं असणं उसनं असतं, आणि सगळी उसनवारी करणारीच माणसं एकत्र जमवली म्हणून गाठीला पैसा येत नाही. तेव्हा जिचं असणं तिचं स्वतःचंच आहे अशी एक गोष्ट हवी. जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्सने १७१४ साली हाच प्रश्न अगदी थोडक्यात विचारला: काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे? हा प्रश्न कालच्या जगाला जसा लागू होता तसा आजच्यालाही आहे. जग हजार वर्षांचं असो, अब्जावधी वर्षांचं असो की अनादि असो, त्याने फरक पडत नाही. माझ्या मते पहिल्या कारणाच्या विचाराचा सगळा जोर या दुसऱ्या रूपात आहे. नाना आणि तुमचा मुलगा पहिल्या रूपावरच भांडत बसले.

आता यावर जे आक्षेप आहेत तेही तुम्हाला कळायला हवेत, नाहीतर मी नानांची वकिली करते आहे असं होईल. १९४८ साली बीबीसी रेडिओवर इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि ख्रिस्ती धर्मगुरू फादर कॉपलस्टन यांचा याच विषयावर वाद झाला. रसेलचं म्हणणं असं की प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून सगळ्या मानवजातीला मिळून एक आई असली पाहिजे असं होत नाही. वस्तूंना कारणं असतात, सगळ्या जगाला कारण विचारणं निरर्थक; जग आहे, एवढंच. तुमच्या मुलाला हे आवडेल. मला रसेलच्या आईच्या उदाहरणात खोट दिसत नाही, पण इब्न सीना मानवजातीची आई शोधतच नव्हता. सगळे मिळून उसने असतील तर असणं आलं कुठून, असं तो विचारत होता, आणि त्यावर ‘जग आहे, एवढंच’ हे उत्तर नाही. ते थांबणं झालं. नाना देवापाशी थांबले म्हणून मुलाने त्यांना अडवलं. मग त्याने जगापाशी थांबताना स्वतःलाही एकदा अडवून बघावं.

याहून अवघड आक्षेप गझालींच्याच लिखाणात सापडतो, आणि त्यांचं उदाहरण तुमच्या घरातलं आहे: कापूस. कापसाला विस्तव लागला, कापूस जळला. आपण काय पाहिलं? गझाली म्हणतात, विस्तव जवळ आलेला पाहिला आणि कापूस काळा पडलेला पाहिला. ‘विस्तवामुळेच जळला’ यातलं ते ‘मुळे’ कोणाच्या डोळ्यांना दिसलं? त्यांना यातून सांगायचं होतं की खरं कर्तेपण देवाचं आहे. पण धागा एकदा सुटला तो सुटलाच. अठराव्या शतकात स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याच वाटेने गेला आणि त्याने देवालाही त्यातून वगळलं. मग १७८१ साली जर्मन तत्त्वज्ञ कांटने सांगितलं की कार्यकारण हा आपल्या अनुभवाच्या आतला नियम आहे. वस्तूवस्तूंमध्ये तो चालतो. सगळ्या जगाच्या बाहेर पाऊल टाकून ‘याचं कारण काय’ असं विचारलं की तोच नियम तिथेही लागू आहे असं धरून चालता येत नाही. नानांनी उत्तर द्यायचं असेल तर याला द्यावं. मुलाच्या टोमण्यापेक्षा हे फार जड आहे.

आणि ‘विज्ञानाने सिद्ध केलंय’ हे वाक्य मुलाने तूर्त मागे घ्यावं. तो फिजिक्सचा विद्यार्थी आहे म्हणून जास्तच आग्रहाने सांगते. आजचं विश्वविज्ञान सांगतं की सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तप्त होतं आणि तेव्हापासून ते पसरत आहे. ते शून्यातून आलं, असं ते सांगत नाही. निर्वात अवकाशात कण उमटतात असं तो म्हणेल. पण त्या निर्वातात ऊर्जा असते, क्षेत्रं असतात, नियम असतात. ज्यात नियम आहेत ते ‘काहीच नाही’ कसं होईल? छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला हेच विचारतो: जे नाहीच त्यातून जे आहे ते कसं जन्मेल?

या महास्फोटाच्या (बिग बँग) सिद्धांताची कल्पना मांडणाऱ्यांत जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे धर्मगुरू होते. गणिती आणि पाद्री, दोन्ही. विश्व पसरतं आहे हे त्यांनी १९२७ मध्ये मांडलं आणि आद्य अणूची कल्पना १९३१ मध्ये. पुढे १९५१ साली पोप बारावे पायस यांनी भाषणात असा सूर लावला की विज्ञानाला आता निर्मितीचा पुरावा सापडला. लमेत्रना ते रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या बाजूनेही बोलत नाही आणि विरुद्धही बोलत नाही, अशीच त्यांची भूमिका राहिली. रोज प्रार्थना करणाऱ्या माणसाने स्वतःचं संशोधन देवाच्या पुराव्याला वापरू दिलं नाही. मुलाने फिजिक्स वापरून देव खोडू नये, याला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता तुमचा प्रश्न: खरं कोणाचं? माझं मत सांगते. कशाचाही आधार न घेता असणारं काहीतरी आहे, हे मला पटतं. कांटचा आक्षेप मला टोचतो, पण ‘काहीतरी का आहे’ हा प्रश्न निरर्थक आहे हे मला कधीच पटलं नाही. इथवर मी नानांबरोबर आहे. पण ते जे काही आहे ते ऐकतं, प्रेम करतं, कमरेवर हात ठेवून विटेवर उभं राहतं, यातलं काहीही या युक्तिवादातून निघत नाही. तिथे नानांनी एका उडीत फार मोठं अंतर पार केलं, आणि मुलाने त्यांना अडवलं ते योग्य केलं.

नानांना याचं दुःख होऊ नये. त्यांचा विठ्ठल या युक्तिवादावर कधी उभाच नव्हता. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे, मुक्ताईला जाताना नाना तिथे गेले असतीलच. त्या चांगदेवांना ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं पत्र पाठवलं. त्यात ‘जग कोणी बनवलं’ अशी सुरुवात नाही. तो लपला की जग दिसू लागतं आणि तो प्रकट झाला की जग त्यात विरून जातं, अशी सुरुवात आहे. म्हणजे देव साखळीच्या लांबच्या टोकाला बसलेला नाही, जगाच्या प्रत्येक कडीत तोच आहे. न्यायवाल्यांचा कुंभार मातीच्या बाहेर असतो. ते परमाणू नित्य मानतात. त्यांचा ईश्वर ते निर्माण करत नाही, जुळवतो. वेदांताने कुंभार आणि माती एकच केली. मुंडकोपनिषदात कोळ्याचं उदाहरण येतं, जो स्वतःतूनच धागा काढतो आणि स्वतःतच परत घेतो. वारकऱ्याचा देव या दुसऱ्या घरातला आहे. त्याच्यासाठी नानांनी पहिल्या घराची लढाई अंगावर का घ्यावी?

‘शिकून वाया गेलं’ हेही नानांनी म्हणू नये, कारण मग फार मोठ्या लोकांना वाया गेलेलं म्हणावं लागेल. वेदांवर सर्वांत कडवी निष्ठा असलेले मीमांसक जगाचा निर्माता मानत नाहीत. जग कधी निर्माण झालंच नाही, ते असंच चालत आलंय, असं कुमारिल भट्टांचं म्हणणं. सांख्य दर्शनाच्या ‘सांख्यकारिका’ या ग्रंथात निर्माता ईश्वर नाही. जैन आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात निर्मात्याच्या कल्पनेवर सडकून टीका केली: निर्माण करण्याआधी तो कुठे होता, कशातून त्याने घडवलं, आणि तो पूर्ण असेल तर त्याला घडवायची इच्छा का झाली? बुद्धांना जग शाश्वत आहे की नाही असं विचारलं तेव्हा त्यांनी विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. बाण मारणारा कोण, कुठल्या कुळातला, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही असं म्हणत बसला तर तो मरून जाईल. तालुक्यात नानांचं ज्यांच्याकडे जाणं-येणं आहे त्यांत जैन घरं असतील, बौद्ध घरं असतील. ती माणसं निर्मात्याशिवाय सरळ जगत आली आहेत. आणि ऋग्वेदातलं नासदीय सूक्त तर संपतंच असं की ही सृष्टी कुठून झाली हे जो परम आकाशात बसून पाहतो त्यालाच ठाऊक, किंवा त्यालाही ठाऊक नसेल. वेदात असं लिहिलेलं आहे हे नानांना माहीत असायला हवं. मुलालाही.

तुम्ही विचारलंत, दहावी शिकलेल्या बाईने हे विचारावं का. जनकाच्या सभेत गार्गीने याज्ञवल्क्यांना हेच विचारलं होतं. हे सगळं पाण्यात ओवलेलं आहे, तर पाणी कशात ओवलेलं आहे? वाऱ्यात. वारा कशात? अंतरिक्षात. असं विचारत विचारत ती ब्रह्मलोकापर्यंत पोहोचली, आणि तो कशात ओवलेला आहे असं विचारताच याज्ञवल्क्य म्हणाले, गार्गी, अति विचारू नकोस, डोकं गळून पडेल. गार्गी गप्प बसली. बहुतेक लोक गोष्ट इथेच थांबवतात. पण बृहदारण्यक उपनिषदात, जिथे ही गोष्ट आहे, थोडं पुढे वाचलं की गार्गी पुन्हा उठते. मी आणखी दोन प्रश्न विचारणार, असं सभेला सांगून विचारते. आणि या वेळी तिला उत्तर मिळतं: अक्षर, ज्यात आकाशही ओवलेलं आहे. तिचे दुसऱ्या खेपेचे प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोलाचे वाटतात. तिला गप्प केलं होतं, तरी प्रश्न तिने टाकून दिला नव्हता.

‘आमच्यासारख्यांनी’ हा शब्द तर खानदेशात कोणी वापरूच नये. तुमच्यापासून जवळच, अमळनेरला, प्रतापशेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, ते याच प्रश्नांसाठी. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ बंगालहून येऊन तिथे राहिला. कापसाच्या आणि गिरणीच्या गावात हे घडलं. घरात असल्या गप्पा शोभत नाहीत असं कोणी म्हणालं तर त्यांना हे सांगा.

आता घरातलं. मिस्टर म्हणतात मध्ये पडू नको. निकाल देऊ नका या अर्थाने ते बरोबर आहे, तुम्ही पंच झालात तर एक जण कायमचा दुखावेल. पण दोघांना एकत्र बसवणं तुम्हालाच जमेल. मुलाला सांगा की नानांना ‘देव आहे का’ असं विचारू नकोस. एवढी वर्षं मुक्ताईला का जाता, तिथे काय मिळतं, असं विचार. हे त्याने आजवर एकदाही विचारलं नसावं असा माझा अंदाज आहे. नाना जे सांगतील त्यात पहिल्या कारणाचा उल्लेखही बहुधा येणार नाही. आणि नानांना सांगा की नातवाला भास्कराचार्यांबद्दल विचारा, तो सुट्टीत तुम्हाला पाटणादेवीला घेऊन जाईल. बोलणं सुरू करायला मुलाला पहिलं पाऊल टाकू द्या. वयाने तो लहान आहे आणि ताट नानांचं सरकलं होतं, त्याचं नाही.

कानबाईच्या रोटाची जबरदस्ती करू नका. पण रोट हा कोणत्या सिद्धांताचा पुरावा नाही, हेही त्याला नीट समजावून सांगा. त्या दिवशी कुळातले भाऊबंद एका ठिकाणी जेवतात, आणि तो त्या कुळातला आहे. दळणाचं, पाटावरचं, पाहुण्यांचं काम त्याला द्या. हात जोडायचे की नाही ते त्याच्यावर सोडा. नानांना आधीच सांगून ठेवा की जेवायला बसला तर टोमणा मारायचा नाही आणि नाही बसला तरी ताट सरकवायचं नाही.

आणि ते दोघं बोलायला बसतील तेव्हा तुम्ही चहाच्या निमित्ताने आत जाऊ नका. चहा मिस्टरांना करू द्या. ‘काहीतरी का आहे’ हा प्रश्न त्या दोघांनी अजून विचारलेलाच नाही. तो तुम्ही विचारा.